‘कधीतरी या’ नको, वार आणि वेळ सांगा

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघं साताऱ्याहून मुलाकडे घोडबंदर रोडला, वाघबीळला राहायला आलो. आठ महिने झाले. लिफ्टमध्ये सगळे हसतात, पण येणंजाणं नाही. गणपतीत मी मजल्यावर घरोघरी मोदक दिले. डबे परत आले, माणसं आली नाहीत. काय चुकतंय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या मोदकांत काही कमी नव्हतं. पण डबाभर मोदकांची परतफेड करायची म्हणून समोरचा अवघडतो, आणि डबा धुऊन दिला की त्याच्या लेखी विषय संपतो. अनोळखी घराशी सुरुवात देण्यापेक्षा मागण्याने करा. चमचाभर विरजण, इस्त्रीवाल्याचा नंबर, ताजे मासे कुठे मिळतात एवढी माहिती. मागाल ते दोन मिनिटांत देता येईल इतकं लहान हवं. दुसऱ्या दिवशी ‘दही छान लागलं’ सांगायला परत बेल वाजवा. ही दुसरी खेप राहून जाते आणि ओळख तिथेच अडकते.

जोडीला एक जागा आणि एक वेळ धरा. आज सकाळी ७, उद्या संध्याकाळी ६ असं फिरलात तर रोज नवेच चेहरे दिसतील. सोसायटीच्या बागेतला एकच बाक, तीच वेळ, आठवड्यातून चार दिवस. पहिले दोन आठवडे हसून मान हलवणं पुरे. मग नाव विचारा आणि घरी आल्यावर फ्लॅट नंबरासकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी नावाने हाक मारता आली पाहिजे.

घाई मात्र करू नका. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांचा अभ्यास केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात आणि घट्ट मैत्रीला २०० पेक्षा जास्त, असं त्यात दिसलं. लिफ्टमधल्या भेटींची बेरीज केलीत तर एकेका शेजाऱ्याशी दोन तासही भरणार नाहीत. अर्धा तास, आठवड्यातून चारदा बसलात तर ५० तास भरायला सहा महिने लागतात. म्हणजे तुमचं बिघडलेलं काहीच नाही, तास कमी पडलेत.

घरी बोलावताना ‘कधीतरी या’ म्हणू नका. ‘शनिवारी साडेपाचला चहाला या, साडेसहाला मला देवळात जायचंय’ असं म्हणा. उठायची वेळ आधीच ठरलेली असली की येणारा निर्धास्त असतो. एका वेळी दोनच घरं, आणि फक्त पोहे-चहा. चार पदार्थ मांडलेत तर आपल्यालाही एवढं करावं लागेल या धास्तीने उलट बोलावणं येत नाही.

कोजागिरीला गच्ची मिळाली तर उत्तमच. चार लिटर दूध आटवून तीन केलं की १५ जणांना पुरतं. सगळं एकट्याने करू नका: आटवणं एका घरी, बदाम-चारोळी दुसऱ्या, पेले तिसऱ्या. हातात काम असलेला माणूस कोपऱ्यात उभा राहत नाही. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांनाही आवर्जून बोलवा. हे अजूनही अनेक ठिकाणी होत नाही, ते व्हायलाच हवं.

प्रश्न : खारघरहून रोज लोकलने ऐरोलीला नोकरीसाठी जातो. एकटाच राहतो. डब्यात अनोळखी माणसाशी बोलावंसं वाटतं, पण लोकांना आवडेल का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आवडतं. शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी प्रवाशांना शेजाऱ्याशी बोलायला सांगून पाहिलं (२०१४). गप्प बसलेल्यांपेक्षा बोललेल्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. लोकांचा अंदाज मात्र बरोबर उलटा होता.

रोज तीच गाडी, तोच डबा, तेच दार पकडा. पहिला प्रश्न दोघांच्या डोळ्यांसमोरचा असावा: ‘ही गाडी रोज इतकी उशिरा असते का?’ पगार, जात, लग्न यांत शिरू नका. कानात इअरफोन असेल, किंवा दोनदा एका शब्दात उत्तर आलं, तर हसून थांबा. त्यात तुमचा अपमान नाही, तो माणूस दमलेला असतो. ओळख वाढली की नेरूळ-तुर्भ्याच्या पुढेही न्या: उतरल्यावर स्टेशनबाहेर दहा मिनिटांचा कटिंग.

प्रश्न : शेजारच्या एकट्या आजींना मी रोज औषधं, भाजी आणून देते. आता थकते, पण नाही म्हणवत नाही.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : वार ठरवून घ्या, मंगळवार आणि शुक्रवार. उरलेल्या दिवसांसाठी मजल्यावरच्या आणखी एका घराला सोबत घ्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या एल्डरलाइनचा १४५६७ हा नंबर आजींच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत चिकटवा. त्यांच्याकडूनही काही घेत चला, नाहीतर सतत घेणाऱ्यालाही ओशाळं वाटतं. शुक्रवारी जाताना मेथीची जुडी निवडायला त्यांच्याकडे ठेवा आणि संध्याकाळी ती घ्यायला जाल तेव्हा पाच मिनिटं बसा.