दिसला नाही? किती प्रतीपर्यंत?

पोरी,

दोन आठवड्यांत घेतलेली तुझी चार चित्रं काल रात्री परत परत पाहिली. देवयानी दीर्घिकेच्या गाभ्याजवळचा तो ठिपका खरा आहे, कॅमेऱ्याचा डाग नाही. १८.३ वरून १८.८ प्रतीपर्यंत तो उतरला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका ठिपका मंद), हेही मान्य. पण पुढे तू लिहितेस, "जुन्या चित्रात तिथे काहीच नाही, मग नवताराच ना?"

अगं, जुन्या चित्रात किती प्रतीपर्यंत दिसत होतं? तुझ्या अख्ख्या पत्रात तो आकडा नाही. ते चित्र १८ च्या पुढे आंधळं असेल, तर १९ प्रतीवर एखादा चलतारा, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा, तिथे खुशाल बसलेला असेल आणि तुला पत्ताही लागायचा नाही. शिवाय गाभ्याजवळ दीर्घिकेचाच उजेड इतका, की ज्या चित्राच्या कडेला १९ प्रतीचा तारा दिसतो त्याच्याच मध्यभागी १७ चाही हरवतो. मर्यादा मोजायची ती ठिपक्याच्या जागी. मी बरीच वर्षं कोपऱ्यातल्या ताऱ्यांवरून मोजत होतो, आणि कुणी टोकलंही नाही.

नवतारा म्हणजे श्वेत बटूच्या (विझत चाललेल्या ताऱ्याच्या घट्ट, लहानशा गाभ्याच्या) पृष्ठभागावर साठलेल्या हायड्रोजनचा भडका. काही दिवसांत तो साधारण आठ ते पंधरा प्रती उजळतो. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा त्याचा मूळ तारा तुझ्या-माझ्या दुर्बिणीला जन्मात दिसायचा नाही. म्हणून जुन्या, खोल (अगदी मंद तारेही टिपणाऱ्या) चित्रात नेमक्या त्याच जागी २० प्रतीचा पुसट ठिपका निघाला, तर बहुधा नवताऱ्याचं नाव सोडायचं. आणि चित्र खोल नसेल तर? तर तुझ्या "काहीच नाही"ला काही किंमत नाही. पुन्हा विचारतो, किती प्रतीपर्यंत?

उतार दिसला म्हणून हुरळू नकोस. सेफीड हा ठरावीक आवर्तनाने उजळणारा-मंदावणारा चलताराही झपकन चढतो आणि सावकाश उतरतो. नुसता उतार हाती आला तर दोघे सारखेच. ऑक्टोबर १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने याच दीर्घिकेच्या छायाचित्राच्या काचेवर तीन ठिपक्यांपुढे नवतारा म्हणून 'एन' लिहिलं होतं. जुन्या काचा ताडून पाहिल्यावर एकाचं 'एन' त्याने खोडलं आणि 'व्हीएआर' (चलतारा) लिहिलं, पुढे उद्गारचिन्ह. तो सुमारे ३१ दिवसांच्या आवर्तनाचा सेफीड निघाला, सेफीडच्या आवर्तनावरून त्याचं खरं तेज आणि मग अंतर काढता येतं, आणि त्यावरून कळलं की ही दीर्घिका आकाशगंगेच्या पार बाहेर आहे.

मी मात्र माझं 'एन' खोडण्याआधीच चार लोकांना कळवून बसलो होतो. तांबड्या फिल्टरमधला ठिपका, जुन्या चित्रात "काहीच नाही". वर्षभराने तोच ठिपका त्याच जागी पुन्हा उगवला: लांब आवर्तनाचा तांबडा चलतारा. वर्षाला उद्रेक करणारा एक नवताराही तिथे आहे म्हणून मी काही दिवस वाद घातला. तो तर काही दिवसांतच विझतो, माझा महिनोन्‌महिने रेंगाळत होता. कशाला वाद घातला, कोण जाणे.

त्यानंतर मी इतका सावध झालो की एक अस्सल नवतारा आठ दिवस दाबून ठेवला आणि तो दुसऱ्याच्या नावावर गेला. लोक मला अजून कूर्मगती म्हणतात. म्हणोत. या एका दीर्घिकेत वर्षाला साधारण ६५ नवतारे फुटतात असा अंदाज आहे. एक निसटला तर आभाळ कोसळत नाही. चुकीचं नाव दिलं की यादीतून ते काढताना मात्र नाकी नऊ येतात. (खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांचं अजून वाईट वाटतं.)

रंगाचं थोडक्यात: निळ्या आणि तांबड्या फिल्टरमधून एकाच रात्री घे. फार तांबडा निघाला तर शंका धर. हायड्रोजन-आल्फाचा (हायड्रोजनचा ठरावीक तांबडा प्रकाशच आत सोडणारा) फिल्टर कुणाकडून मिळाला तर उत्तम. नवतारा इतर फिल्टरांत मावळला तरी त्यात बरेच दिवस तेजस्वी राहतो. वर्णपटात रुंद उत्सर्जन रेषा दिसल्या की वादच मिटला, पण त्यासाठी मोठी दुर्बीण हवी.

आज आभाळ मोकळं असेल तर पाचवं चित्र घे. आणि जुन्या प्रत्येक चित्रापुढे, ठिपक्याच्या जागी मोजलेली मर्यादा लिहून पाठव. तोवर यादीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असू दे, पेन्सिलीने.