मोजतो कोण, आणि केव्हा?

नौपाडा, ठाणे

चि. मुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू प्रबंधासाठी केलेला, पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. भारत, अमेरिका आणि युरोपीय संघ यांचे क्षेपणभूमीसंबंधीचे, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेसंबंधीचे नियम शेजारी शेजारी मांडून तू शेवटच्या रकान्यात प्रत्येकाला गुण दिले आहेस. सोबत विचारले आहेस की बेरीज केल्यावर आपण अमेरिकेच्या फारसे मागे दिसत नाही, मग दिवा गावातल्या कचराभूमीशेजारच्या रस्त्याने जाताना लहानपणापासून नाकाला रुमाल का लावावा लागला. तुझा हा गोंधळ मला तुझ्या तक्त्यापेक्षा अधिक आवडला. गुणांचा रकाना मात्र आजच खोडून टाक.

आधी एक चूक सांगतो, कारण ती तुझ्या मार्गदर्शकांच्याही नजरेतून सुटलेली दिसते. कचऱ्यातले पाणी जमिनीत झिरपू नये म्हणून तळाला घालतात तो मातीचा थर युरोपात आपल्यापेक्षा शंभर पट कडक, असे तू लिहिले आहेस. आपल्या नियमात पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला सेंटिमीटरचा एक कोटीवा भाग धरला आहे आणि युरोपात मीटरचा एक अब्जावा भाग. दोन्ही एकच आहेत, आणि अमेरिकेचा आकडाही तोच आहे. एकके न तपासता तुलना करणे म्हणजे पायली आणि किलो यांची बेरीज करण्यासारखे आहे.

जाडीचे म्हणशील, तर तू तक्त्यात घेतलेल्या आपल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत ९० सेंटिमीटर मातीवर एचडीपीई या घट्ट प्लास्टिकचे दीड मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. अमेरिकेच्या १९९१ च्या संघीय नियमांत तेवढ्याच जाडीच्या एचडीपीईखाली दोन फूट, म्हणजे साधारण ६१ सेंटिमीटर माती पुरते. युरोपच्या १९९९ च्या निर्देशात धोकादायक नसलेल्या कचऱ्यासाठी एक मीटरचा थर आहे. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. तेव्हा नियमात काय लिहिले आहे एवढेच पाहून थांबू नकोस. प्रत्येक आकड्याशेजारी लिही की तो मोजतो कोण, आणि केव्हा.

हे मी कुठे शिकलो ते सांगायला आजही संकोच वाटतो. आपल्याकडच्या आधीच्या, २००० च्या नियमांनी कचऱ्यावरची प्रक्रिया आणि विल्हेवाटीच्या सोयी उभारण्यासाठी ३१ डिसेंबर २००३ ही मुदत घातली होती आणि त्या घाईत एका नगरपालिकेच्या नियोजित क्षेपणभूमीच्या अहवालावर माझी सही होती. भूजलाची सर्वोच्च पातळी मातीच्या थराच्या तळापासून किमान दोन मीटर खाली असावी, हे कलम मला तोंडपाठ होते. आम्ही बोअर घेतले मे महिन्याच्या मध्यावर. दोन मीटरच्या वर एक वीतभर अंतर निघाले आणि मी समाधानाने अहवाल बंद केला. पुढच्या जुलैत रिकाम्या खड्ड्यातले आवरण खालच्या पाण्याने पापडासारखे फुगले. नियमात ‘सर्वोच्च’ हा शब्द होता आणि खाडीकाठच्या, वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मी तो मे महिन्यात मोजला होता.

आता तू म्हणशील, काका, पावसाळ्यापर्यंत थांबायचे होते. मुदत पुढे होती, ठेकेदाराची माणसे उभी होती, आणि ऑगस्टमध्ये त्या चिखलात बोअरचे यंत्र उतरवायला कोणी तयार नव्हते. त्या वेळी माझ्या जागी असलेल्या दहापैकी नऊ जणांनी हेच केले असते, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो आहे, आणि ते खोटेही नाही. परंतु दहावा माणूस होण्यासाठीच मला पगार मिळत होता.

म्हणून पुन्हा सांगतो, मोजतो कोण आणि केव्हा, हा रकाना घाल. भूजलाच्या नमुन्यांचे उदाहरण घे. अमेरिकेत निरीक्षण विहिरींतून वर्षातून किमान दोनदा नमुने घ्यावे लागतात. आपल्या २०१६ च्या नियमांत क्षेपणभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतल्या भूजलाची तपासणी उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर, अशा तिन्ही ऋतूंत करायची आहे. आपले कलम ऋतू जाणणाऱ्याने लिहिले आहे आणि तू त्याला अर्धा गुण कमी दिलास! फरक पुढे पडतो. तिकडे नमुन्यातल्या प्रदूषक घटकांत लक्षणीय वाढ आढळली, तर ९० दिवसांत अधिक खोल तपासणी सुरू करण्याचे बंधन क्षेपणभूमीच्या चालकावर येते आणि तिथून दुरुस्तीपर्यंतची साखळी लागते. आकडा बिघडला की कोणाला घाम फुटतो, हे तिथे कलमातच लिहिलेले आहे. आपल्याकडच्या अहवालातला आकडा पुढे कोणाच्या टेबलावर जातो आणि तो वाचून कोणाला उठावे लागते, हे तू शोधून काढ. प्रबंधाचे ते खरे प्रकरण होईल.

युरोपच्या टक्केवारीनेही भारावून जाऊ नकोस. २०३५ पर्यंत नागरी कचऱ्यापैकी जास्तीत जास्त १० टक्केच पुरायचा, असे त्यांचे उद्दिष्ट आहे. टक्का काढायला आधी वजन लागते, आणि वजनाला काटा लागतो. ब्रिटनने १९९६ मध्ये पुरलेल्या कचऱ्यावर टनामागे ७ पौंड कर बसवला, तेव्हा माझ्या मते खरा बदल असा झाला की प्रत्येक टन मोजण्यात सरकारी तिजोरीला रस निर्माण झाला. याउलट आपल्या २०१६ च्या नियमांत किलोला १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्मांकाचा, म्हणजे जाळल्यावर तेवढी उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा पुरू नये असे म्हटले आहे. हेतू उत्तम आहे. पण सकाळी सहा वाजता फाटकावर उभ्या असलेल्या गाडीचा उष्मांक मोजतो कोण? फाटकावरच्या मुकादमाला हे विचारून पाहा आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे उतरवून घे. तो हसला, तर तेही लिही.

परदेशी कलमे उचलून इथे लावण्याची शिफारस करण्याआधी आपल्या एका कलमाकडे नीट बघ. पावसाळ्यापूर्वी कचऱ्यावर मातीचा ४० ते ६५ सेंटिमीटरचा मधला थर दाबून, उतार देऊन घालायचा, म्हणजे पाणी आत न मुरता बाहेर वाहून जाईल. अमेरिकी नियमातला रोजचा सहा इंचांचा थर आपल्या जुलैत नुसता गाळ होतो. हे कलम मला कोणत्याही युरोपीय वाक्यापेक्षा मोलाचे वाटते, आणि ते तुझ्या तक्त्यात नाही, कारण तू रकाने परदेशी नियम वाचून पाडलेस. तुझा राग करत नाही. मीही तेच केले होते. तरीही सांगतो, हा थर ३१ मे रोजी घातला गेला की नाही, ते जूनमध्ये जाऊन मोजतो कोण?

क्षेपणभूमी बंद झाल्यानंतरची देखभाल आपल्या २०१६ च्या नियमांत किमान १५ वर्षे आहे, अमेरिकेत साधारण ३० वर्षे. कोपरखैरण्याच्या जुन्या क्षेपणभूमीवर आज निसर्ग उद्यान आहे. तिथे एकदा सकाळी फिरून ये. पायाखाली कचरा आहे, फक्त झाकलेला. युरोपच्या निर्देशात निदान तीस वर्षांच्या देखभालीचा अंदाजित खर्च कचरा स्वीकारतानाच्या दरातच, शक्य तितका, वसूल करायचा असतो. हा फरक वर्षांच्या आकड्यापेक्षा मोठा आहे, म्हणून त्याला तक्त्यात वेगळी ओळ दे.

परीक्षा मेमध्ये संपते म्हणून जागेची पाहणी तेव्हाच उरकणार, असे तू शेवटी लिहिले आहेस. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. ऑगस्टमध्ये जा, सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर, गमबूट घालून. विहिरीतली पाण्याची पातळी मोजायची माझी जुनी टेप कपाटात आहे. तिचे पहिले मीटर झिजले आहे, तेवढे वजा करावे लागेल. येऊन घेऊन जा.

तुझा,
काका