डुक्कर फियाटची किल्ली मुलाला द्यावी का?

प्रश्न : मी 54 वर्षांचा, पुण्यात सहकारनगरला राहतो, नोकरीची अजून सहा वर्षं आहेत. घरी तीन जुन्या गाड्या आहेत. वडिलांची 1958 ची डुक्कर फियाट (म्हणजे जुनी फियाट 1100), मी 2006 मध्ये 60 हजारांना घेतलेली 1967 ची स्टँडर्ड हेरल्ड आणि 1989 ची प्रीमियर 118 एनई. मुलगा 21 वर्षांचा आहे, त्याच्याकडे लायसन्स आहे. मुलगी 17 ची, मार्चमध्ये 18 पूर्ण होतील. दोघांनाही फियाट चालवायची आहे. मी आजवर किल्ली दिलेली नाही, कारण एका संग्राहकानं तिचे सात लाख देऊ केलेत आणि एक ओरखडा आला तरी भाव पडेल. हेरल्ड चार वर्षं ताडपत्रीखाली आहे, तिला गेल्या वर्षी साडेचार लाखांचं गिऱ्हाईक येऊन गेलं. मुलीला आर्किटेक्चरला जायचंय, त्यात चार लाख कमी पडतायत. बायको म्हणते, फियाट विका आणि फीला लावा. मी म्हणतो, ही मुलांसाठीची ठेव आहे, दहा वर्षांत दुप्पट होईल. फियाटवर शेडच्या भाड्यासकट वर्षाला 45 हजार जातात. ती व्हिंटेज म्हणून नोंदवावी असंही मनात आहे. आरसी अजून वडिलांच्या नावावर आहे, ते 2014 मध्ये गेले. विमा मात्र दर वर्षी न चुकता भरतो. काय करू?

उत्तर : ओरखड्याचं नंतर बघू. पत्राच्या शेवटी जाता जाता जे लिहिलंत, त्यावर आधी बोलायला हवं. गाडीमालक अकरा वर्षांपूर्वी गेले आणि विम्याचं नूतनीकरण त्यांच्याच नावानं चालू आहे. पॉलिसीधारक गेल्यावर पॉलिसी फार तर तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर चालते. तेवढ्यात वारसानं ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. तुम्ही दर वर्षी पैसे भरलेत आणि कंपनीनं घेतले, कारण वेबसाइट मालक हयात आहे का ते विचारत नाही. दावा आला की पहिला प्रश्न तोच निघेल. मालकासाठी जो 15 लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, तोही मालक-चालकाचा. इथे मालकच नाहीत.

म्हणून आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत फियाट कोणीच चालवू नये, तुम्हीही नाही. रविवारी सकाळी सारसबागेपर्यंतची चक्करसुद्धा बंद. आरटीओत फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल. तुम्हाला भावंडं आहेत का, ते पत्रात नाही. बहीण असेल तर आज संध्याकाळीच फोन करा. तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे, आणि सात लाखांची बोली आल्याचं तिला तुमच्याच तोंडून कळलेलं बरं. आरसीची मुदतही त्याच खेपेत बघून घ्या. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. कारसाठी हे शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5,000 झालं आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना 2025 मध्ये 10,000. पर्यावरण कर वेगळा. तुमच्या तिन्ही गाड्या वीस वर्षांपुढच्या आहेत.

आता दुप्पट होण्याची गोष्ट. सात लाख आज हातात घेऊन 7 टक्क्यांनी ठेवले, तर दहा वर्षांत 13 लाख 77 हजार होतात. वर्षाला लागणारे 45 हजार त्याच दरानं साठवले, तर 6 लाख 22 हजार. बेरीज वीस लाख. म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे फियाट खरोखर दुप्पट झाली, तरी तुम्ही सहा लाखांनी मागेच आहात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली डुक्कर फियाट मला मनापासून आवडते, पण दहा वर्षांनी ती वीस लाखांना जाईल यावर मी माझा रुपया लावणार नाही.

तेव्हा तुमच्या मालमत्तेच्या यादीतून फियाट खोडा आणि खर्चाच्या यादीत हौस म्हणून लिहा. वर्षाला 45 हजारांची हौस तुमच्या पगाराला जड नाही, कुटुंबाच्या एका सहलीला तेवढे जातात. मात्र ही हौस आहे हे एकदा मान्य केलंत, की तिला तिजोरीतल्या सोन्यासारखं जपण्यात अर्थ उरत नाही. मुलांनी कधी हातच लावला नाही, तर तुमच्यामागे ती गाडी त्यांच्या लेखी शेडचं भाडं खाणारा एक डबा असेल. सात लाखांची बोली तेव्हा पाचावर येईल, आणि मुलं आनंदानं देऊन टाकतील. असे दोन व्यवहार माझ्या टेबलावरून गेलेत.

चालवण्याच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे आणि ती चक्क आयकराची. स्वतःच्या वापराची गाडी ही वैयक्तिक वस्तू धरली जाते, म्हणून ती विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण ‘वापराची’ हे सिद्ध करावं लागतं. 1983 मध्ये 20 हजारांना घेतलेली 1931 ची एक फोर्ड पुढे 21 लाखांना विकली गेली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2025 मध्ये निकाल मालकाच्या विरोधात लागला. गाडी वापरण्याजोगी होती एवढं पुरेसं नाही, प्रत्यक्ष वापर दिसला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. तुमची फियाट बंद शेडमधून थेट संग्राहकाच्या दारात गेली, तर 12.5 टक्क्यांनी 80-85 हजारांचा प्रश्न उभा राहू शकतो. पेट्रोलच्या पावत्या, पीयूसी, सर्व्हिसिंगची बिलं, घरच्यांचे गाडीसोबतचे तारखेचे फोटो, सगळं एका फायलीत ठेवत जा. मुलगा महिन्यातून दोनदा आजीला देवळात घेऊन गेला, तर ती फाईल आपोआप भरेल.

याच कारणानं व्हिंटेज नोंदणीची घाई करू नका. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी तशी नोंदवता येते. 20 हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी मिळते, जुना नंबर राहतो आणि थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता निम्मा होतो. ऐकायला छान आहे. पण मग गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरती जा-ये, एवढीच मुभा. तुमच्या 1089 सीसीच्या फियाटचा थर्ड पार्टी हप्ता जीएसटी सोडून 3,416 रुपये आहे. त्यातले सतराशे वाचवायला मुलाचं स्टिअरिंग काढून घ्यायचं, हा सौदा मला पटत नाही. मुलं कंटाळली आणि गाडी फक्त रॅलीला जाऊ लागली, तर तेव्हा नोंदवा.

मुलीबद्दल मात्र चर्चाच नको. मार्चपर्यंत तिनं सोसायटीच्या गेटबाहेर चाक नेता कामा नये. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199 अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पैशाच्या बाजूनं ते याहून वाईट आहे. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर भरपाईला वरची मर्यादा नसते. लायसन्सच नसेल तर न्यायाधिकरण विमा कंपनीला पीडिताचे पैसे भरायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मोकळीक देतं. मग तुमचा सहकारनगरचा फ्लॅट आणि ठेवी सगळं त्या वसुलीच्या वाटेत येतं. कल्याणीनगरची मे 2024 ची रात्र, अल्पवयीन मुलाच्या पोर्शेनं दोघांचा जीव घेतला ती, पुणेकराला सांगायला नको.

मार्चनंतर शिकाऊ लायसन्स, पुढेमागे ‘एल’ची पाटी आणि शेजारी लायसन्सवाला माणूस. या अटी पाळल्या तर विमा शाबूत राहतो. शिकायला गाडी 118 एनई घ्या. गिअर खाली आहे, इंजिन निस्सानचं आहे, आणि तिच्यावर कोणी सात लाख लावलेले नाहीत.

मुलाकडे लायसन्स आहे, पण तो शिकला असेल आजच्या गाडीवर. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पॉवर स्टिअरिंग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक, सीट बेल्टचा पत्ता नाही. पावसात ओल्या ड्रमनं गाडी कुठे थांबेल, याचा अंदाज नव्या हाताला येत नाही. दोन महिने तुम्ही शेजारी बसा. चोक कधी ओढायचा, गाडी तापल्यावर बॉनेट उघडून किती वेळ गप्प उभं राहायचं, हे त्याला तिथेच कळेल. त्याच्या नावानं 25-50 लाखांची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. मालक-चालकाचे 15 लाख तुमच्यासाठी असतील, त्याच्यासाठी नाहीत.

आता ओरखडा. माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी गाडी मी भाच्याला चालवायला दिली होती आणि त्यानं पहिल्याच आठवड्यात ती गेटच्या खांबाला घासली. डाव्या मडगार्डला पोचा, दारावरची क्रोमची पट्टी मुडपलेली. भाचा पांढराफटक पडून किल्ली माझ्या हातात द्यायला आला तेव्हा, खरं सांगतो, मला त्याच्यापेक्षा पट्टीचंच वाईट वाटलं. डेंटिंग-पेंटिंग चार दिवसांत झालं, 14 हजार लागले. पट्टीसाठी मात्र नाना पेठेतल्या एका दुकानदारानं पाच महिने ‘पुढच्या आठवड्यात’ असं सांगितलं. विम्याकडे मी गेलोच नाही. दहा वर्षांपुढच्या गाडीला धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकवरही तेवढाच, शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हाती येतं ते चहापाण्याचं. तुम्हीही ओरखड्यासाठी विम्यावर विसंबू नका. 50 हजार वेगळ्या खात्यात ठेवा, ते वापरले की परत भरा. विमा घ्यायचा तो थर्ड पार्टीसाठी, आणि चोरी-आगीसाठी. तिथे विमा रक्कम किती धरायची हे पाच वर्षांपुढच्या गाडीत तुम्ही आणि कंपनीनं मिळून ठरवायचं असतं. एजंट जुन्या पॉलिसीवरचा 40 हजारांचा आकडा तसाच पुढे ढकलतो, तेवढं होऊ देऊ नका. मूल्यांकन करून घ्या आणि लेखी मागा.

आगीवरून आठवलं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग त्यात लवकर खराब होतात. किल्ली देण्याआधी ते सगळं बदलून घ्या. उभ्या गाडीच्या टाकीत हे पेट्रोल ओलावा धरतं, म्हणजे नुसती उभी ठेवणंही स्वस्त नाही.

राहिले फीचे चार लाख. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, फक्त गाडी चुकली. विकायची ती हेरल्ड. तुमच्या अख्ख्या पत्रात ती चालवायची इच्छा कोणालाच नाही, तुम्हालाही नाही. साडेचार लाखांतून खरेदीचे 60 हजार वजा करून 3 लाख 90 हजार नफा. चार वर्षं ताडपत्रीखाली असल्यामुळे ‘वैयक्तिक वापर’ म्हणणं अवघड जाईल, म्हणून कर आणि उपकराचे 50,700 रुपये बाजूला काढून ठेवा. उरतात जवळपास चार लाख. मुलीची गरज वर्षभरात आहे, तेव्हा हे पैसे बँकेच्या ठेवीत. शेअर किंवा म्युच्युअल फंडाकडे त्या वाटेनं बघूही नका.

गिऱ्हाईक पुन्हा बोलावण्याआधी हेरल्डला नवी बॅटरी बसवून, ब्रेक मोकळे करून ती सुरू करून घ्या. साडेचार लाख हा चालू गाडीचा भाव आहे. बंद गाडीला घेणारा टेम्पो घेऊन येतो आणि त्या टेम्पोचं भाडंही तुमच्याच भावातून कापून घेतो.