'लॅटिनेक्स' मराठीत ठेवावा का?

अमेरिकेतील स्थलांतरितांविषयीच्या इंग्रजी मजकुरात येणारा 'लॅटिनेक्स' (Latinx, लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांसाठीचा लिंगनिरपेक्ष शब्द) मराठीत तसाच ठेवावा का, आणि त्याच अर्थाचा 'लॅटिनो' असताना त्याची गरज काय, असा एका अनुवादकाचा प्रश्न आहे.

स्पॅनिशमध्ये 'लातिनो' पुल्लिंगी, 'लातिना' स्त्रीलिंगी. मिश्र समूहासाठी मात्र पुल्लिंगी 'लातिनोस' वापरतात, मग नव्याण्णव स्त्रियांत एकच पुरुष का असेना. हे टाळण्यासाठी शेवटच्या स्वराच्या जागी एक्स आला. अडचण अशी, की ही युक्ती इंग्रजी वळणाची आहे. इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंग नसल्यामुळे 'फायरमन'चा 'फायरफायटर' केला, 'तो' किंवा 'ती'ऐवजी एकवचनी 'दे' (they) हे सर्वनाम रूढ केले (मेरियम-वेब्स्टर या इंग्रजी कोशाने 2019 या वर्षाचा शब्द म्हणून तेच निवडले), की लिंग झाकले जाते. स्पॅनिशमध्ये उपपद आणि विशेषणही लिंग सांगत असल्याने तेथील स्त्रीवाद्यांनी बहुधा उलट वाट धरली, म्हणजे लिंग झाकण्याऐवजी ठळक केले. 'प्रेसिदेन्ता' (अध्यक्षा) हे स्त्रीलिंगी रूप स्पॅनिश अकादमीच्या कोशात 1803 पासून आहे, तरीही 2024 मध्ये मेक्सिकोच्या अध्यक्ष झालेल्या क्लाउदिया शेनबाउम यांना त्यातील अंत्य 'आ'चा आग्रह धरावासा वाटला.

शिवाय एक्स लावलेले रूप स्पॅनिश जिभेवर बसत नाही. प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या 2020 च्या अहवालानुसार अमेरिकेतील लॅटिनो प्रौढांपैकी जेमतेम 3 टक्के लोक स्वतःसाठी हा शब्द वापरत होते. उच्चारायला सोपे 'ए'कारान्त रूप, म्हणजे 'तोदोस-तोदास' (सगळे-सगळ्या) ऐवजी 'तोदेस', अर्जेंटिनाच्या तरुणांत बरेच पसरले. पण अकादमीला ते अनावश्यक वाटते आणि अर्जेंटिनाच्या सरकारने 2024 मध्ये राष्ट्रीय प्रशासनातून अशा रूपांना मज्जाव केला.

मराठी वाचकाला यात गंमत वाटावी, कारण लॅटिनमधले नपुंसकलिंग स्पॅनिश नामांनी गमावले, तर आपण ते जपले. म्हणूनच 'नवराबायको आली' किंवा 'मुले आली' म्हणताना कुणालाही वगळल्यासारखे वाटत नाही. अर्थात हे अनेकवचनापुरतेच, कारण एका प्रौढ व्यक्तीला नपुंसकलिंगी 'ते आलं नाही का अजून?' म्हटले तर तो सरळ अपमान ठरतो.

तेव्हा चर्चा त्या शब्दाचीच असेल तेथे 'लॅटिनेक्स' ठेवावा. एरवी 'लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक' पुरेसे आहे, कारण 'अमेरिकी' हे विशेषण मराठीत कोणत्याही लिंगात बदलत नाही.