तालुक्याच्या गॅरेजमध्ये मॉडिफाय केलेली ऑक्टाव्हिया आरएस लॅम्बोर्गिनीला खरोखर हरवू शकते का?

आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे की, गावाकडे जुगाड करून बनवलेली पंचवीस लाखांची स्कोडा ऑक्टाव्हिया साडेतीन कोटींच्या लॅम्बोर्गिनी हुराकानला मागे टाकते अशी रील रोज दिसतात, ती खरी मानावीत का. उत्तर देतोच, पण आपल्या प्रश्नातील ‘जुगाड’ हा शब्द मला लागला, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एकोणीस वर्षांपासून माझे गॅरेज आहे. घर चालते ते ट्रॅक्टर, बोलेरो आणि पिकअप यांच्या कामांवर. तुटलेला सायलेन्सर तारेने बांधून शेतकऱ्याला रात्री घरी पोहोचवणे हा जुगाड आहे, तो मी अनेकदा केला आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. मात्र टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलताना प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापावर आवळणे, गाडी चालवून लॅपटॉपवर लॉग (चालत्या इंजिनाच्या नोंदी) घेणे, त्यातील बूस्ट (टर्बोचा दाब), इंधन आणि इग्निशनचे आकडे मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील सेटिंग, लिहिणाऱ्याला पाठवणे आणि त्याने सुधारलेला मॅप पुन्हा तपासणे, असे दोन महिने चाललेल्या कामाला जो जुगाड म्हणतो, त्याने ते काम जवळून पाहिलेले नसते.

माझे थोरले साडू नागपुरात जुन्या महागड्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात. एका लग्नाच्या पंगतीत, आमच्या सासऱ्यांसमोर, ते मला म्हणाले होते, “जुगाड ते जुगाडच राजेहो, कंपनीच्या इंजिनिअरपुढं आपलं पाना-पक्कड काय करन?” मी त्या वेळी वडीलधाऱ्यांचा मान राखून गप्प बसलो, पण तो घास काही गोड लागला नाही.

त्याच सुमारास येथील एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या) मालकांच्या मुलाने २०१७ ची जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली. कंपनीतून ती २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क घेऊन येते आणि शून्यापासून शंभरचा वेग ६.८ सेकंदांत गाठते. नवी असताना तिची शोरूमची किंमत साडेचोवीस लाखांच्या घरात होती. तिचे दोन लिटरचे इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या कितीतरी गाड्यांत आहे आणि त्याच कुटुंबातील गोल्फ आर या गाडीचा मोठा टर्बो त्यावर फारशी तोडफोड न करता बसतो. आम्ही तो बसवला, टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर घातला, टर्बोतून धूर बाहेर नेणारा डाउनपाइप बदलला, डीएसजी या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे क्लच मजबूत केले आणि पुण्याच्या एका जाणकाराकडून मॅप लिहून घेतला, तोही दोन प्रकारचा, साध्या आणि जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी वेगवेगळा. कारण आमच्या पंपावर साधे पेट्रोलच मिळते आणि जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर बांधलेला मॅप साध्या पेट्रोलवर चालवला की इंजिन नॉक करू लागते, म्हणजे इंधन अवेळी पेटून आत ठोके बसू लागतात. ब्रेक आणि टायर धरून सुमारे नऊ लाख रुपये लागले. मॅप लिहिणाऱ्याच्या अंदाजाने गाडी ३६० अश्वशक्तीच्या आसपास पोहोचली होती.

मार्चअखेरीस एका खासगी धावपट्टीवर परवानगी घेऊन गाड्या पळवण्याचा दिवस ठेवला होता. साडू त्यांच्या एका ग्राहकाची ऑडी आर८ घेऊन आले. ती जुन्या पिढीची, व्ही८ इंजिनाची, कंपनीतून आली तशीच होती: ४.२ लिटर, ४२० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद आणि शून्य ते शंभर ४.६ सेकंद. आपण विचारलेल्या हुराकानची ती थोरली चुलत बहीणच म्हणता येईल, कारण लॅम्बोर्गिनी १९९८ पासून ऑडीच्या मालकीची आहे आणि ही आर८ हुराकानच्या आधीच्या गालार्डोच्या पायावर उभी केलेली होती. स्कोडासुद्धा ऑडीसारखीच फोक्सवॅगन समूहातील असल्यामुळे त्या दिवशी धावपट्टीवर एकाच वाड्यातील धाकटी आणि थोरली पाती समोरासमोर आली होती.

पहिली फेरी उभ्या जागेवरून झाली आणि आम्ही हरलो. ऑक्टाव्हियाची सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर जाते आणि गाडी सुटताना वजन मागे ढकलले जाते, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी असते तीच हलकी होतात. आमचे टायर जागीच फिरत राहिले, तोवर आर८ दोन गाड्यांचे अंतर पुढे निघून गेली होती.

दुसरी फेरी ताशी साठच्या वेगावरून सुरू झाली आणि ती आम्ही जिंकलो. जेमतेम अर्ध्या गाडीने, पण जिंकलो. आर८ चा गिअरबॉक्स जुन्या एकेरी क्लचचा होता, त्यामुळे प्रत्येक गिअर बदलताना ती क्षणभर दम घ्यायची. आमची डीएसजी पुढचा गिअर आधीच तयार ठेवत असल्यामुळे ओढ कुठेच तुटत नव्हती. मालकाच्या मुलाच्या मित्रांनी त्या फेरीचे चित्रीकरण केले आणि आपण पाहता त्या प्रकारचे रील त्याच संध्याकाळी गावभर फिरले.

रील तेथेच संपते. दिवस मात्र पुढे चालू होता. तिसरी फेरी बरोबरीची झाली, चौथीत आम्ही स्पष्ट मागे पडलो आणि पाचवीत तिसऱ्या गिअरला गाडी एकदम मंदावली. मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान दुसऱ्या फेरीच्या आरंभी ४८ अंश होते, ते पाचव्या फेरीत ७६ झाले होते आणि नॉक वाचवण्यासाठी ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, इतके मागे खेचले होते की आमचे नऊ लाख त्या क्षणी कामाला नव्हते. आर८ ने पाचही फेऱ्या जवळपास सारख्या वेळात काढल्या. साडू काही बोलले नाहीत. फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले, आणि ते मला पंगतीतल्या बोलण्यापेक्षा अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी मी पुढचा बंपर उतरवला. एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांचे थर एकामागे एक असतात. कंडेन्सर मोकळा करून मागे पाहिले, तर इंटरकूलरवर पांढऱ्या नमद्यासारखा थर बसला होता. बोटाने ओढला तेव्हा तळहाताएवढा तुकडा अखंड निघून आला. ती रुई होती. गाडी हंगामभर जिनिंगच्या आवारात उभी राहायची आणि तेथूनच रोज ये-जा करायची. हवेत उडणारे कापसाचे तंतू पुढच्या जाळीतून आत शिरले, त्यावर धूळ बसली आणि थोड्या तेलकट वाफेने ते फिन्सना (पातळ पत्र्यांना) चिकटले. इंटरकूलर लाखभराचा होता, पण त्यातून वारा जायला जागाच उरली नव्हती. धावपट्टीवर निघण्यापूर्वी बंपर उतरवून पाहणे हे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. आपण नाव घेतलेली हुराकान एलपी ६१०-४ ही भारतात २०१४ साली सुमारे ३.४३ कोटींना आली. ५.२ लिटरचे व्ही१० इंजिन, ६१० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद आणि शून्य ते शंभर ३.२ सेकंद. जुनी आर८ एका फेरीत हरवायला आम्हाला इतका खटाटोप लागला. हुराकान उभ्या जागेवरून पुढच्या चाकांच्या ऑक्टाव्हियाने हरवली असे कोणी सांगत असेल, तर त्याने समोरच्या चालकाचा पाय कुठे होता हेही सांगावे. चालत्या वेगावरून, पाचशेच्या पुढे अश्वशक्ती काढलेली ऑक्टाव्हिया तिला एखाद्या फेरीत गाठू शकेल; पण तोवर गिअरबॉक्स, पिस्टन, इंधनाचा पंप यांतले किती मूळचे राहिले असेल ते विचारा. त्या गाडीला पंचवीस लाखांची म्हणणे हा हिशेबातला खोटेपणा आहे.

महागड्या गाडीचे पैसे कशाचे, हे माझ्या मते बहुतेकांना चुकीचे ठाऊक असते. लोक अश्वशक्ती मोजतात. हुराकानला कार्बन-सिरॅमिक ब्रेक कंपनीतूनच येतात, जे पुन्हा पुन्हा तापूनही धरतात. तिच्या आणि आर८ च्या इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत असते, त्यामुळे लांब वळणावर तेल एका बाजूला पळून बेअरिंग कोरडे पडत नाही. रेडिएटर आणि त्यांच्या हवेच्या वाटा बसवताना इंजिन बराच वेळ मोठ्या ओझ्याखाली चालेल हे गृहीत धरलेले असते. ऑक्टाव्हिया आरएस बांधणाऱ्यांनी कुटुंबाला घेऊन वेगाने जाणारी, डिकीत सामान मावणारी गाडी बांधली आणि ती फार चांगली बांधली. तिच्याकडून पहिली फेरी मागणे सोपे आहे. दहावी मागायची असेल तर तापमान, तेल आणि ब्रेक या तीन गोष्टींवर टर्बोइतकेच पैसे घालावे लागतात आणि गिऱ्हाईक नेमके तेथेच हात आखडतो.

त्यात आपला उन्हाळा. २२ अंशांच्या हवेपेक्षा ४२ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, म्हणजे टर्बो नसलेले इंजिनही मेमध्ये थोडे थकते; टर्बोच्या गाडीत तीच तापलेली हवा दाबली जाऊन आणखी तापते. पुण्यात हिवाळ्यात लिहिलेला मॅप वर्ध्याच्या मेमध्ये तसाच चालेल असे समजू नये. मॅप घ्यायचा असेल तर उन्हाळ्याचे लॉग पाठवून घ्यावा. क्रम विचाराल तर आधी टायर आणि ब्रेक, मग थंड करण्याची व्यवस्था, मग मॅप आणि सगळ्यांत शेवटी टर्बो. नुसता आवाज वाढवणारा एक्झॉस्ट लावण्यासाठी माझ्याकडे कोणी येऊ नये.

आमच्याकडे शंकरपटासाठी (बैलांच्या शर्यतीसाठी) जोडी राखणाऱ्याला ती नांगराला किती चालते असे कोणी विचारत नाही. तळेगाव दशासरच्या पटात काही सेकंदांत धावून जाणारी जोडी त्या काही सेकंदांसाठीच खाऊ घालून, चोळून, सांभाळून तयार केलेली असते. मॉडिफाय केलेली गाडी कशासाठी तयार केली आहे हे मालकाला ठाऊक असेल, तर ती त्या कामात तिप्पट किमतीच्या गाडीला खरोखर भारी पडू शकते. आमची दुसरी फेरी खोटी नव्हती.

काही गोष्टी मी आधीच लिहायला हव्या होत्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. बदल न सांगता अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडतो. अशी गाडी बंद धावपट्टीवर किंवा ट्रॅकवरच पळवावी. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो आणि तेथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. उन्हात तापलेल्या त्या काँक्रीटवर फाटलेले टायर माझ्याकडे येतात, म्हणून सांगतो, तेथे कोणाशी शर्यत लावू नका.

रुई काढून, पुढच्या जाळीमागे बारीक तारेची चाळणी बसवून आणि डीएसजीचे तेल बदलून आम्ही एप्रिलमध्ये, ४३ अंशांच्या दुपारी, त्याच धावपट्टीवर लागोपाठ पाच फेऱ्या काढल्या. इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान पाचव्या फेरीतही ५९ च्या वर गेले नाही आणि पहिल्या व पाचव्या फेरीच्या वेळेत फरक एक दशांश सेकंदाचा होता. समोर आर८ नव्हती, म्हणून त्याला मी जिंकणे म्हणत नाही. लॉग माझ्याकडे आहे. साडूभाऊ हे वाचतील हे मला ठाऊक आहे. त्यांना आदरपूर्वक सांगतो की पुढच्या मार्चला ती आर८ घेऊन यावे, फेऱ्या पाच असतील, पाचही चित्रित होतील आणि निघण्यापूर्वी दोन्ही गाड्यांचे बंपर उतरवून पाहण्याचे काम मी स्वतः करीन.