वायमार प्रजासत्ताक कसे कोसळले : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर विल्हेल्मची सत्ता गेली आणि जर्मनीत प्रजासत्ताक आले. पुढील वर्षी वायमार शहरात त्याची राज्यघटना तयार झाली आणि १९३३ मध्ये ते संपले. या चौदा वर्षांविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : हिटलर लोकांच्या बहुमताने निवडून आला होता, असे नेहमी सांगितले जाते. हे खरे आहे का?

नाही, आणि ही समजूत दुरुस्त करणे मला अत्यंत आवश्यक वाटते. मुक्त निवडणुकीत नाझी पक्षाला मिळालेली सर्वाधिक मते जुलै १९३२ मधील आहेत : ३७.३ टक्के मते आणि ६०८ पैकी २३० जागा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत वृद्ध सेनानी हिंडेनबुर्ग यांनी ५३ टक्के मते मिळवून हिटलरला हरवले होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, पुन्हा निवडणूक झाली तेव्हा नाझींची सुमारे वीस लाख मते घटली आणि त्यांचा हिस्सा ३३.१ टक्क्यांवर आला. पक्षाची तिजोरी रिकामी होती आणि कार्यकर्त्यांत निराशा पसरू लागली होती.

असा उतरणीला लागलेला पक्ष अवघ्या तीन महिन्यांत सत्तेवर कसा बसला, हे समजण्यासाठी मतपेटीकडे नव्हे तर हिंडेनबुर्ग यांच्या भोवतालच्या मोजक्या माणसांकडे पाहावे लागते. चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा होता. चान्सलरपद गमावलेले फ्रान्झ फॉन पापेन आपल्या जागी आलेल्या जनरल श्लायखर यांना खाली खेचू पाहत होते. ४ जानेवारी १९३३ रोजी कोलोनमध्ये एका बँकमालकाच्या घरी ते हिटलरला भेटले. त्यानंतरच्या बोलण्यांत राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव ऑस्कर आणि राष्ट्रवादी पक्षाचे नेते हुगेनबर्ग हेही आले, आणि ३० जानेवारीला हिटलरचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच असल्यामुळे या माणसाला आपण हवे तसे वागवू, अशी पापेन यांची खात्री होती. पण त्या तिघांपैकी फ्रिक यांच्याकडे देशाचे गृहखाते होते आणि गोअरिंग यांच्याकडे प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्याचे गृहखाते, म्हणजे जर्मनीच्या सुमारे तीन पंचमांश भागातील पोलीस, गेले होते. मंत्र्यांची डोकी मोजताना पापेन यांनी खात्यांचे वजन लक्षात घेतले नाही.

प्रश्न : वायमार घटनेतील कलम ४८ हेच सर्व अनर्थाचे मूळ होते का?

कलम ४८ नुसार सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आल्यास राष्ट्राध्यक्षांना वटहुकूम काढता येत असे, मूलभूत हक्क स्थगित करता येत असत आणि लष्करही वापरता येत असे. पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांनी हे कलम १३० हून अधिक वेळा वापरले, परंतु बहुतांशी उठाव आणि आर्थिक संकट यांतून प्रजासत्ताक वाचवण्यासाठी. शिवाय राइशटागने बहुमताने मागणी केल्यास असा वटहुकूम मागे घ्यावा लागे, ही मर्यादाही त्याच कलमात होती. म्हणून हे कलम एकटे घातक नव्हते. संसद विसर्जित करण्याचा अधिकार देणारे कलम २५ त्याला जोडले गेले, तेव्हा ती मर्यादा निरुपयोगी झाली.

मार्च १९३० मध्ये हेर्मान म्युलर यांचे आघाडी सरकार बेरोजगार विम्याच्या वर्गणीत किती वाढ करायची, या वादावरून पडले. देशाच्या पुढील वाटचालीच्या मानाने हा वाद इतका लहान होता की तो वाचताना आजही मन अस्वस्थ होते. बहुमतावर टिकलेले ते वायमार काळातील शेवटचे सरकार ठरले. नंतर आलेले चान्सलर ब्र्यूनिंग यांचा आर्थिक कार्यक्रम संसदेने जुलैमध्ये नाकारला, म्हणून तो वटहुकमाने लागू करण्यात आला. राइशटागने तो वटहुकूम रद्द करण्याचा ठराव केला, त्यासरशी राइशटागच विसर्जित झाले आणि थोड्याच दिवसांत नवा वटहुकूम निघाला. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. १९३२ साली राइशटागने अवघे ५ कायदे केले, तर वटहुकमांची संख्या ६० च्या घरात होती. हिटलर येण्यापूर्वीच देशाला संसदेवाचून चालण्याची सवय लागली होती, हे माझ्या मते या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे.

याच काळातील आणखी एक घटना पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. २० जुलै १९३२ रोजी पापेन यांनी, पुन्हा कलम ४८ च्याच आधारे, प्रशियातील ओटो ब्राउन यांचे सोशल डेमोक्रॅट या मध्यम-डाव्या पक्षाचे सरकार हटवले आणि त्या राज्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. प्रजासत्ताकाचा सर्वांत भक्कम बुरुज असा एका दिवसात, जवळपास प्रतिकाराशिवाय पडला. गोअरिंग यांच्या हाती प्रशियाचे पोलीस सहा महिन्यांनी इतक्या सहज आले, ते यामुळेच.

प्रश्न : पोतेभर नोटा देऊन पाव घ्यावा लागे, त्या महागाईमुळेच लोक हिटलरकडे वळले ना? आणि व्हर्सायच्या तहाचा यात वाटा किती?

दोन वेगळी संकटे येथे एकत्र होतात. चलनफुगवट्याचा कळस नोव्हेंबर १९२३ मध्ये झाला, तेव्हा एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. ते संकट नव्या चलनामुळे आटोक्यात आले, आणि मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना केवळ २.६ टक्के मते मिळाली. त्यांची झेप त्यानंतरची आहे. ती महामंदीच्या काळातील असून, त्या वेळी किमती चढत नव्हत्या तर उतरत होत्या आणि १९३२ च्या आरंभी नोंदणीकृत बेरोजगारांचा आकडा साठ लाखांवर गेला होता. तरीही १९२३ चा परिणाम उरला होता. मध्यमवर्गाची आयुष्यभराची शिल्लक बुडाल्याने प्रजासत्ताकावरचा त्याचा विश्वास उडाला होता, आणि चलनफुगवटा परत येईल या धास्तीने सरकारने मंदीतही पगार आणि खर्च कापणेच चालू ठेवले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहाबाबत थोडक्यात सांगतो. १९२१ मध्ये ठरलेली १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांची युद्धभरपाई जुलै १९३२ च्या लोझान परिषदेत व्यवहारतः संपली होती, म्हणजे हिटलर सत्तेवर आला तेव्हा तो बोजा उरला नव्हता. तहाच्या रकमेपेक्षा त्याभोवती रचलेल्या असत्याने अधिक हानी केली. युद्ध थांबवा असा आग्रह सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस लुडेनडॉर्फ आणि हिंडेनबुर्ग या सेनानींनीच धरला होता, पण शस्त्रसंधीवर सही करण्याची वेळ माटिआस एर्झबर्गर या मुलकी नेत्यावर आली. सुमारे वर्षभरानंतर हिंडेनबुर्ग यांनी चौकशी समितीपुढे सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेल्याचे सांगितले. एर्झबर्गर यांची ऑगस्ट १९२१ मध्ये हत्या झाली. हिंडेनबुर्ग १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

प्रश्न : सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट एकत्र आले असते तर हिटलर थांबला नसता का?

नोव्हेंबर १९३२ मध्ये त्यांच्या जागा अनुक्रमे १२१ आणि १०० होत्या, तर नाझींच्या १९६. ही बेरीज मोहात पाडते, पण ५८४ च्या सभागृहात २२१ जागांनी सरकार बनत नव्हते. उलट, नाझी आणि कम्युनिस्ट यांच्या मिळून २९६ जागा, म्हणजे निम्म्याहून अधिक, होत्या. सरकार चालवण्यासाठी नव्हे, पण कोणतेही सरकार पाडण्यासाठी पुरेसे बहुमत प्रजासत्ताकाच्या विरोधकांकडे होते.

या दोन पक्षांमधील वैर केवळ हट्टाचे नव्हते, तर त्याला रक्ताचा इतिहास होता. जानेवारी १९१९ मध्ये सोशल डेमोक्रॅट सरकारने बर्लिनमधील उठाव मोडण्यासाठी वापरलेल्या स्वयंसेवी सैनिकांनी रोझा लुक्झेंबुर्ग आणि कार्ल लीबक्नेश्ट या कम्युनिस्ट नेत्यांना ठार मारले, आणि कम्युनिस्टांनी ते कधीही विसरले नाही. पुढे १९२८ नंतर मॉस्कोच्या धोरणानुसार ते सोशल डेमोक्रॅटांनाच मुख्य शत्रू मानू लागले. १९३१ मध्ये तर प्रशियातील ब्राउन सरकार घालवण्याच्या सार्वमतात त्यांनी नाझींच्याच बाजूने मतदान केले. हे सार्वमत फसले, पण कटुता राहिली. सोशल डेमोक्रॅटही निर्दोष नव्हते. १९२० मध्ये काप यांचे उजव्या गटांचे बंड सार्वत्रिक संपाने मोडणारा हा पक्ष १९३२ मध्ये प्रशिया गेला तेव्हा न्यायालयात दाद मागून थांबला. अर्थात कारखान्यांच्या दाराशी लाखो बेकार उभे असताना कामगारांना संपावर जा असे सांगणे किती कठीण होते, हे लक्षात घेतल्याखेरीज त्यांना दोष देणे न्याय्य होणार नाही.

प्रश्न : हुकूमशाही कायदेशीर मार्गाने आली असे म्हणता येईल का?

तिने कायद्याचे कागद सांभाळले, एवढेच म्हणता येईल. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइशटागच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने भाषण, सभा, वृत्तपत्रे आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांची हमी स्थगित झाली. हजारो विरोधक पकडले गेले. एवढे होऊनही ५ मार्चच्या निवडणुकीत नाझींना ४३.९ टक्केच मते मिळाली आणि बहुमतासाठी त्यांना राष्ट्रवादी पक्षाची मदत घ्यावी लागली.

संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारे विधेयक २३ मार्चला क्रोल ऑपेरा इमारतीत मांडले गेले. त्यासाठी घटनादुरुस्तीप्रमाणे दोन तृतीयांश मते हवी होती. निवडून आलेल्या ८१ कम्युनिस्टांपैकी एकालाही आत येता आले नाही, आणि १२० सोशल डेमोक्रॅटांपैकी २६ जण कैदेत, परागंदा किंवा अन्य कारणाने अनुपस्थित होते. सभागृहात तपकिरी गणवेशातील नाझींच्या तुफानी दलाचे लोक उभे होते. अशा स्थितीत सोशल डेमोक्रॅटांचे नेते ओटो वेल्स उभे राहिले आणि आमचे स्वातंत्र्य व प्राण घेता येतील, पण आमची प्रतिष्ठा घेता येणार नाही, अशा आशयाचे शब्द त्यांनी हिटलरसमोर उच्चारले. त्या सभागृहात प्रजासत्ताकाच्या बाजूने झालेले ते शेवटचे भाषण. उपस्थित ९४ सोशल डेमोक्रॅटांनी विरोधात मत दिले आणि बाजूने ४४४ मते पडली.

येथे सेंटर या कॅथलिक पक्षाच्या निर्णयाचा विचार करावाच लागतो. सर्व कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट हजर असते तरी त्यांची २०१ मते झाली असती, आणि ६४७ च्या सभागृहात विधेयक अडवायला २१६ लागली असती. ती उणीव सेंटर पक्ष भरून काढू शकला असता. परंतु त्याचे नेते लुडविग कास यांनी हिटलरच्या आश्वासनांवर भिस्त ठेवली आणि पक्षाने एकमुखाने होकार दिला. जुलैच्या आरंभी या पक्षाने स्वतःला विसर्जित केले, आणि १४ जुलैला नाझींखेरीज अन्य पक्ष काढणे गुन्हा ठरले.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत भारताने आणीबाणीतील हक्कस्थगिती वायमार घटनेवरून घेतली असे लिहिलेले असते. घटनाकारांना तिचा शेवट ठाऊक नव्हता का?

चांगलाच ठाऊक होता. मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेवर गेलेले हरि विष्णु कामत यांनी ऑगस्ट १९४९ मध्ये याच तरतुदींवर बोलताना वायमारचा उल्लेख करून इशारा दिला होता. आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि घोषणेला संसदेची मान्यता लागते, हा महत्त्वाचा फरक आहे, पण जून १९७५ मध्ये घोषणेवर सही आधी झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवणे सक्तीचे केले, ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले, आणि कलम २० व २१ मधील हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरवले.