टाको, बरिटो, केसाडिया आणि एन्चिलाडा यांत नेमका फरक काय?

हे चारही पदार्थ म्हणजे टॉर्टियात (मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ, गोल पोळीत) भरलेले सारणच असेल, तर चार वेगळी नावे कशासाठी, असे आपण विचारले आहे. मेक्सिकोतील वास्तव्यात माझे असे मत झाले की, सारणाकडे न पाहता टॉर्टिया कोणत्या पिठाची आहे आणि तिचे पुढे काय केले जाते, हे पाहावे.

मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत टॉर्टिया प्रामुख्याने मक्याची असते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर तसाच ठेवून, धुऊन वाटतात. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते आणि पिठाला असा चिवटपणा येतो की, आपली मक्याची भाकरी दुमडताना मोडते तशी ही मोडत नाही. अशा गरम, मऊ टॉर्टियावर थोडे मांस, चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि साल्सा (तिखट पातळ चटणी) घालून, लिंबू पिळून ती नुसती दुमडली की टाको झाला.

बरिटो उत्तरेकडचा. सोनोरा, चिवावा या भागांत गहू पिकतो, म्हणून तेथे टॉर्टियाही गव्हाची, आणि ती सारणाभोवती गुंडाळली की बरिटो झाला. चिवावातल्या सिउदाद हुआरेस शहरातला बरिटो सडपातळ असतो आणि त्यात एखाद-दुसरेच सारण असते. भात, घेवडा असे सगळे कोंबलेला जाडजूड बरिटो सॅन फ्रान्सिस्कोचा.

एन्चिलाडाची गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त कौशल्य तिच्यातच लागते. तिच्यासाठी मक्याची, शक्यतो आदल्या दिवशीची टॉर्टिया घेतात, कारण ताजी टॉर्टिया रश्श्यात विरघळू लागते. ती काही क्षण गरम तेलातून काढायची, लगेच लाल मिरचीच्या दाट रश्श्यात दोन्ही बाजूंनी बुडवायची, आत कोंबडीचे शिजवलेले तंतू ठेवून गुंडाळी करायची आणि वरून किसलेले चीज, साय व कांदा घालून ताटलीत वाढायची. रस्सा मोलेचा (मिरच्या आणि मसाले वाटून केलेला दाट रस्सा) असेल तर हीच एन्मोलाडा आणि घेवड्याचा असेल तर एन्फ्रिहोलाडा; सारण मात्र तेच राहू शकते.

केसाडिया म्हणजे आत चीज घालून दुमडलेली आणि तव्यावर भाजलेली टॉर्टिया. मेक्सिको सिटीत मात्र केसाडियात नुसती भोपळ्याची फुले किंवा अळंबीही असू शकतात, त्यामुळे तेथे चीज हवे असल्यास ते मागवतानाच स्पष्ट सांगावे.